सुनेवर वार

करुणा लग्न होऊन मोहाडीला आली तेव्हा तिच्या सामानात एक काळा पट्टा आणि पदकांनी भरलेला बिस्किटांचा डबा होता. तिचे वडील भैयाजी जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरीला. क्वार्टरच्या कम्युनिटी हॉलमध्ये चंद्रकुमार सर कराटे शिकवायचे, तिथं ती शाळेत असल्यापासून जायची. सगळी पदकं तिनं काता या प्रकारात मिळवलेली. काता एकट्यानं करायचा असतो. समोर कोणी नसतं, पण कोणीतरी आहे असं धरून ठरलेले वार, ठरलेलं अडवणं, ठरलेली पावलं. करुणाचा काता सुरू झाला की हॉलमधली बाकीची मुलं आपलं सोडून पाहत उभी राहायची. समोरासमोरच्या लढतीत मात्र ती क्वचितच उतरली. तोंडाला लागलं तर लग्नाच्या वेळी पंचाईत, असं आईचं म्हणणं होतं, आणि खरं सांगायचं तर करुणालाही लढतीची फारशी आवड नव्हती.

नवरा कुंदन वरठीच्या स्टील प्लांटमध्ये होता, मोटरसायकलनं जाऊन-येऊन करायचा. घर विणकराचं. सासरे सेवकराम यांनी जन्मभर कोशाचं रेशमी कापड विणलं. दोन मागांपैकी एक विकला, दुसरा अजून ओसरीत उभा होता. विणकर सोसायटीकडून काम आलं की चालायचा, नाही आलं तर नाही. सासूबाई गीताबाई चरख्यावर धाग्याच्या कांड्या भरता भरता साऱ्या गल्लीची खबर ठेवायच्या. घरामागे एक लांबलचक, अरुंद मोकळी जागा होती. पूर्वी तिथं ताणा, म्हणजे मागाचे उभे धागे, पसरायचे. आता तिथं कपडे वाळत.

लग्नाला वर्ष होत आलं तेव्हा करुणानं विणकर सोसायटीच्या रिकाम्या हॉलमध्ये मुलींचा वर्ग सुरू केला. हॉलची चावी सेवकरामांकडे असायची. ते कुलूप उघडून द्यायचे आणि दारातच बसून राहायचे. बरेच दिवस नुसते पाहत राहिले. मग एकदा घरी येताना म्हणाले, "तुमच्या खेळात हातात काही घेत नाही काय?"

"नाही मामाजी. रिकाम्या हाताचंच आहे हे."

"आमच्यात होतं," सेवकराम म्हणाले. घरी आल्यावर त्यांनी माळ्यावरून पोत्यात गुंडाळलेल्या दोन जोड्या खाली काढल्या. फरी आणि गदका. फरी म्हणजे चामड्याची छोटी गोल ढाल, आणि गदका म्हणजे चामडं मढवलेली हातभर लांबीपेक्षा थोडी मोठी छडी. विणकरांच्या गल्लीत त्यांच्या तरुणपणी आखाडा होता. वस्ताद शिकवायचे, मिरवणुकीत खेळ व्हायचा. वस्ताद गेले, आखाड्याच्या जागेवर पाण्याची टाकी झाली, आणि बरोबरीचे गडी कामाधंद्याला नागपूर-भिलाईकडे पांगले.

करुणानं शिकायचं म्हटलं. सासऱ्यासमोर सुनेनं काठी घेऊन उभं राहायचं, हे सेवकरामांना जरा जड गेलं, पण गीताबाईंनी निकाल दिला. "पोरी शिकतीन तं कोणाच्या तरी कामी येईन. तुमच्यासंगं सरणावर न्यायची आहे काय थे विद्या?" करुणाला त्यांनी ओढणी कमरेला बांधायला सांगितली आणि ताण्याच्या जागेतली कपड्यांची दोरी सोडून दिली.

करुणा भराभर शिकली. पवित्रे, म्हणजे उभं राहण्याच्या आणि सरकण्याच्या पद्धती, तिला दोन आठवड्यांतच जमले. कराटेची पावलं सरळ रेषेत पुढं-मागं जाणारी. गदक्याची तिरकी, समोरच्याच्या बाजूला निघणारी. तिला वाटलं, ही दोन्ही जोडली तर काहीतरी निराळंच होईल. तिरकं सरकून बाजूला निघायचं आणि तिथून सरळ आत शिरून वार करायचा. फरीनं अडवायचं आणि त्याच क्षणी लाथ मारायची. रोज सकाळी दोघं अर्धा तास समोरासमोर यायचे. सेवकराम वार करायचे, ती अडवायची; ती वार करायची, ते मागं सरायचे. हळूहळू तिचा वार लागायला लागला. सेवकराम म्हणायचे, "हाव, लागला हा." तिला हुरूप यायचा.

शारदा उत्सवाच्या मिरवणुकीत तिनं मुलींकडून हा जोडलेला खेळ करून घेतला. ढोलावर बारा मुली एकदम तिरक्या सरकल्या, वळल्या, लाथ उचलली, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी टाळ्या पडल्या. सेवकराम फेटा बांधून पुढं चालत होते. त्या आठवड्यात मोहाडीच्या बाजारात कोणीही भेटलं तरी त्याच खेळाचा विषय काढत होतं.

दिवाळीनंतर करुणा आपल्या चार मुलींना घेऊन जवाहरनगरला गेली. चंद्रकुमार सरांना खेळ दाखवायचा होता. सरांनी तो मन लावून पाहिला. त्यांच्याकडे आता काठीची लढतही सुरू झाली होती. बांबूवर फोम गुंडाळलेल्या काठ्या, डोक्याला जाळीचं हेल्मेट.

"छान बसवलंय," सर म्हणाले. "आता हे कोणावर करून पाहिलंस?"

"सासऱ्यांबरोबर रोज करते, सर."

"मग इथंही करून बघ. रक्षा, ये इकडे."

रक्षा कॉलेजात जाणारी, अंगानं बारीक पोरगी. तिचा काता अगदी सुमार, हे करुणाला ठाऊक होतं. दोघींनी हेल्मेटं चढवली. करुणा पवित्र्यात उभी राहिली, तिरकी सरकली, आणि बाजूला पोचायच्या आतच तिच्या मनगटावर काठी बसली. तिला वाटलं, चुकून लागली. तिनं परत सुरुवात केली. या वेळी डोक्यावर. मग मांडीवर. करुणा वार करायची तेव्हा रक्षा मागं सरतच नव्हती. ती उलट पुढं यायची, आणि पुढं आलेल्या माणसाचं काय करायचं हे करुणाच्या हातापायांना माहीतच नव्हतं. तिनं एकदा लाथ उचलली तर रक्षानं तिला एका पायावर असतानाच ढकलून दिलं. करुणा बसकण मारून पडली. भिंतीशी उभ्या तिच्या चार मुली बघत होत्या. त्यांतली गुड्डी, सगळ्यात धीट, जमिनीकडे पाहू लागली.

रक्षानं हात देऊन उठवलं. "सॉरी ताई. जोरात लागलं का?"

"नाही," करुणा म्हणाली. लागलं होतं.

सर नंतर बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, "तुझा खेळ वाईट नाही. पण तुला आजवर कोणी खरं मारलेलं नाही, हे दिसतं."

परतताना वरठीला बस थांबली तेव्हा करुणाच्या लक्षात आलं की इतक्या महिन्यांत सेवकरामांचा गदका तिला एकदाही लागलेला नाही. तिच्या अडवण्यामुळे नव्हे. तो दर वेळी वीतभर अलीकडेच थांबायचा.

घरी गेल्यावर तिनं चप्पलही काढली नाही. सेवकराम मागावर तुटलेला धागा जोडत होते.

"मामाजी, तुम्ही मला मारूनच नाही राहिले."

त्यांनी मान वर केली नाही. "मंग काय सुनेले मारू?"

"आणि मी मारते तर मुद्दाम लागू देता."

"थोडंसं."

"आज त्या पोरीनं मला सगळ्यांसमोर झोडपलं. मी बारा जणींना जे शिकवलं ते खोटं आहे."

सेवकरामांनी धाग्याला गाठ मारली आणि म्हणाले, "माह्या वस्तादानं मले लय मारलं. पण थो वस्ताद होता. मी सासरा आहो. सुनेवर हात उचलनाऱ्याले आमच्या गल्लीत पाण्यालेही कोणी इचारत नाही. मले नाही जमणार."

कांड्या भरणाऱ्या गीताबाईंचा चरखा थांबला. "तुमी तिले लाडानं लबाडी शिकवून राहिले," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "उद्या त्यातली एखादी पोरगी खरोखरच्या मारात सापडली न, तं तिले वाटन का समोरचा आपला सासराच आहे, वीतभर अंतरावर थांबन."

"तू नोको बोलू मधात."

"मी बोलीन. तिच्या डोक्यावर टोप घालू. पदरासारखाच होते. तोंडच नाही दिसणार, मंग सून कोणती न कोण कोणती."

कुंदनचं जुनं क्रिकेटचं हेल्मेट निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताण्याच्या जागेत दोघं उभे राहिले. पहिले काही वार सेवकरामांचे तसेच अलीकडे थांबले. करुणानं अडवणंच बंद केलं. फरी खाली सोडून उभी राहिली. त्यांनी डोळे बारीक केले आणि तिच्या दंडावर एक गदका खरा मारला.

करुणाच्या तोंडून आवाज निघाला. सेवकरामांनी गदका टाकला, आत गेले आणि दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी गीताबाईंनी ताट पुढं सरकवलं तेव्हा म्हणाले, "हात कसा आहे तिचा?"

"काळानिळा आहे. उद्या कवा उभं राहायचं, इचारून राहिली."

त्या हिवाळ्यात रोज खेळ झाला. पहिले काही दिवस करुणाला मार येताना दिसला की डोळे मिटायचे. मग मिटेनासे झाले. मार लागतो, दुखतं, आणि दुखत असतानाही पुढचं पाऊल टाकता येतं, एवढंच शिकायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला. मिरवणुकीच्या खेळातल्या बहुतेक करामती गळून पडल्या. फरीनं अडवताना लाथ मारायची हे तर साफ निघालं. त्यात दर वेळी ती पडायची. तिरकं सरकून लगेच सरळ घुसणं टिकलं, पण त्याचं पाऊल अर्ध्यानं कमी करावं लागलं.

मोडलं ते तिचंच असं नाही. सेवकरामांच्या वस्तादांचा एक नावाजलेला डाव होता. खाली बसून गिरकी घ्यायची आणि उठता उठता समोरच्याच्या पोटरीवर वार. मिरवणुकीत त्या डावावर लोक पैसे ओवाळून टाकायचे. सेवकरामांनी तो एका सकाळी काढला आणि करुणानं, ते बसले असतानाच, सरळ पुढं येऊन गदक्याचं टोक त्यांच्या बरगडीवर टेकवलं. त्यांनी परत केला. परत तेच झालं.

"वस्तादाच्या वेळी हा डाव चालायचा," ते म्हणाले.

"वस्तादांसमोर कोणी सरळ यायचं का?"

"नाही. त्याईच्या समोर कोण येईन?" दोन-तीन दिवस त्यांचा मूड बरा नव्हता. मग एका सकाळी स्वतःच म्हणाले, "थे तुमचं सरळ पाऊल दाखव बरं मले."

या सगळ्यात शेजारच्या सुमनबाईंनी करुणाला नळावर पाहिलं. बाही वर सरकली होती. दंडावर एक जुना पिवळा पडलेला डाग, एक ताजा निळा, मनगटावर तिसरा. सुमनबाईंनी काही विचारलं नाही. त्यांची बहीण जवाहरनगरला क्वार्टरमध्ये राहायची, तिच्याशी मात्र फोनवर बोलल्या.

रविवारी सकाळी भैयाजी स्कूटरवर आले. कुंदनची ड्यूटी होती. भैयाजींनी ओसरीतल्या खाटेवर बसून लेकीकडे पाहिलं आणि गीताबाईंनी आणलेल्या चहाला हात लावला नाही.

"बाही वर कर," ते म्हणाले.

करुणानं केली.

"कोणी मारलं?"

"मामाजींनी," करुणा म्हणाली, आणि बोलून गेल्यावर ते कसं ऐकू आलं असेल हे तिच्या ध्यानात आलं. "बाबा, मीच मारायला सांगितलं. खेळात."

भैयाजी हळू आवाजात बोलले. "क्वार्टरमध्ये तीस वर्षं काढली मी. मार खाणारी पोरगी हेच सांगते. माझीच चूक होती, मीच म्हटलं. बॅग भर."

सेवकराम मागाशेजारी उभे होते. ते व्याह्यांसमोर हात जोडून म्हणाले, "इवाईजी, मारलं हे खरं आहे. तुमी म्हनान थे मले मंजूर."

यामुळे तर सगळंच अधिक बिघडलं. भैयाजी उठून उभे राहिले. करुणा समजावू लागली, तशी त्यांनी तिच्याकडे पाहणंच सोडलं. बोलून काही होत नाही हे गीताबाईंना सगळ्यांत आधी कळलं. त्या आत गेल्या आणि हेल्मेट आणि फरी-गदक्याच्या दोन्ही जोड्या घेऊन आल्या.

"इवाईजी, पोरगी न्यायची तं न्या. पण पाह्यल्याबिगर नोका नेऊ."

सेवकराम म्हणाले, "तिच्या बापासमोर? मी नाही."

"बाबांसमोरच," करुणा म्हणाली आणि हेल्मेट चढवलं.

भैयाजी ताण्याच्या जागेच्या कडेला उभे राहिले. सलामी झाली. सेवकरामांचा पहिला वार आला तो जुन्या सवयीचा, वीतभर अलीकडे थांबलेला. दुसराही तसाच. करुणानं तिरकं अर्धं पाऊल टाकलं, आत घुसली आणि त्यांच्या खांद्यावर गदका असा मारला की आवाज घरापर्यंत गेला.

"मामाजी, खोटं नका खेळू. बाबा पाहून राहिले."

सेवकरामांनी खांदा चोळला. त्यांची मान जरा खाली आली, गुडघे वाकले. पुढचा वार करुणाच्या मांडीवर बसला. भैयाजी एक पाऊल पुढं आले. गीताबाईंनी आडवा हात धरला. करुणा लंगडत बाजूला झाली, तोल सावरला आणि परत पवित्र्यात आली. मग बराच वेळ कोणालाच काही लागलं नाही. दोघं एकमेकांभोवती सरकत होते, गदक्यावर गदका, फरीवर गदका. सेवकरामांनी डोक्यावर वार टाकला. करुणानं तो फरीवर घेतला, मागं न सरता पुढं गेली, आणि त्यांच्या बरगडीत गदक्याचं टोक हाणलं. सेवकराम खाली बसले. श्वास घ्यायला त्यांना वेळ लागला.

भैयाजीच पाणी घेऊन आले. सेवकरामांनी दोन घोट घेतले. गीताबाईंनी त्यांची बंडी मागून वर केली. पाठीवर, बरगड्यांवर, खांद्याखाली डाग होते; काही निळे, काही हिरवट, काही जुने. "हे तुमच्या लेकीचं काम आहे," त्या म्हणाल्या. "रोज तेल लावून लावून माहे हात दुखून राहिले. मी कोणाच्या घरी जाऊन बसू, सांगा."

भैयाजींनी ते डाग नीट पाहिले. मग व्याह्यांच्या शेजारी जमिनीवरच बसले.

"हिचे सगळे मेडल मीच भिंतीवर लावले होते," ते म्हणाले. "कार्यक्रमात पुढच्या रांगेत बसायचो. पण हिला असं कोणाच्या समोर उभं राहताना मी आज पहिल्यांदा पाहिलं." मग त्यांनी विचारलं, "जास्त लागलं का?"

"लागलं न जी," सेवकराम म्हणाले. "पोरगी जोराची आहे."

चहा परत गरम केला. भैयाजी दुपारचं जेवून निघाले. जाताना ते सुमनबाईंच्या दारात थांबले आणि त्यांना म्हणाले, "तुम्ही कळवलं ते बरं केलं. खरं असतं तर कोणीतरी कळवायलाच पाहिजे होतं. पण ते खरं नव्हतं." पुढच्या रविवारी सुमनबाई कुंपणापाशी उभ्या राहून खेळ पाहत होत्या.

करुणाला आता मुलींचा प्रश्न होता. तिनं हॉलमध्ये आयांना बोलावलं आणि मिरवणुकीचा खेळ दिसायला चांगला होता पण मारामारीत टिकणारा नव्हता, हे सरळ सांगून टाकलं. आता मुली एकमेकींशी खरं खेळतील. हेल्मेट असेल, छातीला गार्ड असेल, पण डाग पडतील. घरी कोणी विचारलं तर लपवायचं नाही. मग स्वतःची बाही वर करून दाखवली.

पाच मुलींच्या आयांनी नाव काढून घेतलं. त्यांतल्या एकीच्या मुलीचं लग्न जमत होतं, दोघींना दहावीचं निमित्त होतं, बाकीच्यांनी कारण दिलं नाही. करुणाला वाईट वाटलं, पण तिनं कोणाला थांबवलं नाही. तिच्या स्वतःच्या आईनंही असंच केलं असतं.

उरलेल्यांत गुड्डी होती. पहिल्याच लढतीत तिच्या डोक्यावर काठी बसली आणि ती हेल्मेट काढून कोपऱ्यात जाऊन रडली. करुणा तिच्याजवळ गेली नाही. सेवकराम दारातून उठायला लागले, त्यांनाही तिनं खुणेनं बसवलं. दोन जोड्या खेळून झाल्या. मग गुड्डीनं नाक पुसलं आणि विचारलं, "ताई, माहा नंबर परत कवा येईन?"

धान मळून झाले, थंडी सरली, परीक्षा आटोपल्या. उन्हाळा लागता लागता करुणा मुलींना घेऊन परत जवाहरनगरला गेली. या वेळी सेवकरामही सोबत होते. करुणा रक्षाकडून परत हरली. पण रक्षाला तीन-चार वेळा खरे वार खावे लागले, आणि एकदा तिरक्या अर्ध्या पावलानं करुणा तिच्या बाजूला निघाली तेव्हा रक्षाला ती कुठं गेली हेच क्षणभर कळलं नाही. हेल्मेट काढल्यावर तिनं पहिलं तेच विचारलं.

"ते पाऊल कुठलं, ताई?"

"अर्धं मामाजींचं, अर्धं सरांचं."

रक्षानं कडेला बसलेल्या सेवकरामांकडे पाहिलं. "काका, मला दाखवाल?"

सेवकरामांनी चंद्रकुमार सरांकडे पाहिलं, सरांनी मान हलवली. ते धोतर खोचून उभे राहिले. रक्षा पोरगी वेगवान, आणि ते पासष्टीचे. दुसऱ्याच वाराला त्यांच्या कोपरावर काठी बसली. त्यांनी कोपर झटकलं, "असं करते काय," म्हणाले, आणि तिच्या गुडघ्यावर वार टाकला. तो वाटेत कुठंही थांबला नाही.

रक्षा आता दर रविवारी दुपारच्या बसनं मोहाडीला येते.